मिठाची पायली आणि चिंचखोरीचा घाट

आमच्या घरी पहिलं सरकारी पत्र आलं तेव्हा मी दुसरीत होते. बीबी गावाच्या शिवारात आमचं दीड एकर रान, त्यात वांगी, मेथी आणि सांभार, म्हणजे कोथिंबीर. बाबा सायकलला दोन्ही बाजूंनी डालं बांधून भाजी बाजारात न्यायचे, आई लोकांच्या वावरात निंदायला जायची. वाचता दोघांनाही येत नव्हतं आणि मला अजून जोडाक्षरं लागत नव्हती. लिफाफ्यावर सिंहाचं चित्र बघून बाबांनी हात धुतले, पत्राला हळदकुंकू लावलं आणि बालाजीच्या फोटोमागं ठेवून दिलं. सरकारनं आपली आठवण काढली म्हणून आईनं शिरा केला. ती जमीन मोजणीची नोटीस होती. हरकत घ्यायची मुदत पत्र फोटोमागं असतानाच संपली आणि विहिरीकडचा पट्टा शेजाऱ्याच्या नकाशात गेला. त्यानंतर कितीतरी उन्हाळे आईनं वांग्यांना दुसऱ्याच्या विहिरीवरून घागरीनं पाणी घातलं, तेही विहीरवाल्याची मर्जी असेल त्या दिवशी.

मग मला शिकवायचं ठरलं. मी शिकले. आमच्या घराण्यातली पहिली पदवी माझी, आणि इतिहासाचं एम. ए. करणारी गल्लीतली मीच पहिली. हे सांगताना मी मान खाली घालत नाही. सध्या एका कॉलेजात तासिकेवर शिकवते.

वसतिगृहात माझ्या शेजारच्या कॉटवर जमना होती. जळगाव जामोदच्या वर सातपुड्यात चिंचखोरी नावाचा भिल्लांचा पाडा आहे, तिथली. (पाड्याचं, खालच्या गावाचं आणि माणसांची नावं मी बदलली आहेत. दोन्हीकडच्यांनी तसं सांगितलं होतं.) जमना आता पाड्याच्या वनहक्क समितीची सचिव आहे. होळीच्या आधी तिचा फोन आला. पाड्यानं घाटातल्या जंगलावर सामूहिक हक्क मागितला होता, आणि खालच्या सोनपिंपरी गावानं हरकत घेतली होती. हरकतीत लिहिलं होतं की हे लोक घाटाचे मालक कधीच नव्हते, लढायांच्या काळात आमच्या पाटलानं राखणदार म्हणून ठेवलेली ही माणसं. होळीनंतर तालुक्याला सुनावणी होती. पाड्याचा दावा राहतो की जातो, ते त्याच दिवशी ठरणार होतं.

"तू तं त्याच्यावरच पुस्तक लिहिलं ना," जमना म्हणाली. "मंग ये अन सांग, आम्ही कोन होतो ते."

पुस्तक म्हणजे माझा एम. ए.चा प्रबंध. सपाटीवर एका फौजेचा अंमल बसायचा, तो उठला की दुसरीचा, आणि त्या धामधुमीत सातपुड्याच्या घाटांतले भिल्लांचे नाईक कुणाच्या बाजूनं होते, हा त्याचा विषय. त्यात मी काय लिहिलं होतं ते मला चांगलं आठवत होतं. "गावांनी पगारावर ठेवलेले राखणदार." चार पुस्तकांतून उतरवलं आणि पहिला वर्ग मिळवला. एकदाही घाट न बघता. जमनाला फोनवर हे सांगायची हिंमत झाली नाही. येते म्हणाले. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, आजासाठी, नाईकबाबासाठी मीठ आण. मला ती गंमत वाटली, तरी पिशवीत एक किलोची पुडी टाकली.

खाली उतरताना

आमच्या जिल्ह्यात माणसाची ओळख दोन शब्दांत होते. तो घाटावरचा, नाहीतर घाटाखालचा. आम्ही घाटावरचे. मेहकरहून गाडी खामगावकडं उतरायला लागली की हवा बदलते. वर सकाळी अजून गारवा होता, खाली दहालाच खिडकीची कांब हात लावू देईना. नांदुऱ्याला उतरून मिरचीची भजी घेतली. आमच्याकडं भज्यात मिरची असते. इथं मिरचीभोवती थोडं बेसन होतं. डोळ्यांतून पाणी आलेलं बघून भजीवाल्यानं विचारलं, "वरच्या काय तुमी, ताई?" मी म्हणाले, "तुम्हाला कसं कळलं?" तो म्हणाला, तुमी 'तुम्हाला' म्हनता ना, म्हून. शेजारी ताक विकत बसलेल्या बाईनं मला तिथंच 'तुमाले' म्हणायला शिकवलं आणि नीट येईपर्यंत ताक काही हातात दिलं नाही.

पूर्णा नदी ओलांडली आणि खारपाणपट्टा लागला. इथल्या विहिरींचं पाणी खारट. पहिला घोट घेतला तेव्हा मला वाटलं कुणी चेष्टेनं मीठ टाकलंय. समोर सातपुडा निळा दिसायला लागला आणि त्याच्या पायथ्याला पळस पेटलेला. आमच्याकडंही पळस आहे, पण बांधाला एखादा. इथं डोंगरच्या डोंगर.

सोनपिंपरी

जमनानं बजावलं होतं की आधी खाली जा, त्यांचं ऐक, मग वर ये. म्हणून मी सरळ सोनपिंपरीच्या शालिग्राम पाटलांच्या दारात उभी राहिले. हरकतीवर पहिली सही त्यांचीच होती. मला वाटलं होतं, माणूस कडक असेल. ते ओट्यावर बसून नातवाच्या सायकलची चेन बसवत होते आणि दोन्ही हात काळे. जमनाची मैत्रीण म्हटल्यावर त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि आत आवाज दिला, "अव, पाहुनी आली. भरीत टाक."

भरिताबद्दल एकच सांगते. मी वांगी पिकवणाऱ्याची मुलगी आहे, वांग्यातलं मला कळतं. तुरीच्या काड्यांवर भाजलेलं ते हिरवं लांबडं वांगं, वर कांद्याची पात, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर. आईला फोन करून सांगितलं तेव्हा ती थोडी रुसलीच.

पाटलांनी त्यांची बाजू मोकळेपणानं सांगितली. फौजा यायच्या, गावं जळायची, तेव्हा आमच्या वाडवडलांनी वरच्या भिल्लांना राखणीला ठेवलं. त्याबद्दल दर फाल्गुनात एक पायली खडेमीठ देतो, अजूनही देतो, एक साल चुकलं नाही. त्यांनी कोनाड्यातून पायलीचं जुनं लाकडी माप काढून दाखवलं, कडेला पितळी पट्टी मारलेलं. "आमचं मीठ खाल्लं त्यायनं," ते म्हणाले. "मंग मालक कोन झालं, तुमीच सांगा. शिकेल हाय तुमी." त्यांच्या बोलण्यात कपट नव्हतं. आणि जंगल एकदा पाड्याच्या नावानं झालं तर आपली गुरं चरायला कुठं न्यायची, ही काळजी खरी होती. गावात चारशे पावलंही गायरान उरलेलं नाही, हे मी येतानाच बघितलं होतं.

खरं सांगायचं तर ते बोलत होते ते माझ्याच प्रबंधातलं होतं. मी मान हलवत भाकर खात राहिले.

निघताना ते म्हणाले, परवा मीठ द्यायला जातो आहे, आमच्यासोबतच चला, तुमच्या डोळ्यांनी बघा.

वळणावरचा दगड

टेम्पो शेवटच्या नाल्यापर्यंत गेला. पुढं पायवाट. पाटील पुढं, त्यांच्या डोक्यावर मिठाचं गाठोडं. गडी सोबत होता तरी त्याच्याकडं दिलं नाही. हे मीठ पाटलानंच डोक्यावर न्यायचं असतं, म्हणाले. मी 'काऊन', म्हणजे का, असं विचारलं तर म्हणाले, "बाप नेये, म्हून मी नेतो."

तास-दीड तास चढल्यावर घाट एका अरुंद वळणावर येतो. एका बाजूला सरळ कडा, दुसऱ्या बाजूला दरी, मधून एक बैलगाडी जाईल एवढी वाट. वळणाच्या वरच्या अंगाला शेंदूर नसलेला, बसून बसून गुळगुळीत झालेला काळा दगड. त्यावर नाईकबाबा बसले होते. जमनाचे आजोबा, वय विचारलं तर हसतात. भोवती पाड्याची माणसं, जमना, आणि तिची आत्या झुमकीबाई, जिच्या आवाजाला पाडाभर सगळे भितात.

मी फोटो चांगला यावा म्हणून चटकन दगडाच्या वरच्या बाजूला चढले. झुमकीबाईनं माझा दंड धरला आणि मला सहा पावलं खाली आणून पाटलांच्या शेजारी उभं केलं.

"खालून आली ना? मंग खाली ऱ्हाय."

मी माझी मिठाची पुडी पुढं केली. ती हातोहात फिरली. एकानं ती कानाशी हलवून बघितली, दुसऱ्यानं तिच्यावरचं चित्र न्याहाळलं. झुमकीबाई म्हणाली, हे पीठ हाय. नाईकबाबा म्हणाले, पोरीनं आनलं हाय, डाळीत टाका. सगळे हसले, पाटील सगळ्यांत जास्त.

मग पाटलांनी चप्पल काढली. डोक्यावरची टोपी काढून काखेत धरली. वाकून पायली भरली, काठाच्या वर शीग येईपर्यंत, आणि दोन्ही हातांनी उचलून धरली.

नाईकबाबांनी विचारलं, "कोन उभं हाय?"

पाटील एका दमात, शाळेतली पोरं पाढे म्हणतात तसं म्हणाले, "खालचा उभा हाय, घाट तुमचा, वाट आमची, मीठ हजर."

नाईकबाबांनी चिमूटभर मीठ जिभेवर ठेवलं, चिमूटभर खालच्या वाटेवर फेकलं आणि म्हणाले, "वाट उघडी." मग पळसाच्या पानात चार खडे बांधून पाटलांच्या हातात दिले. पाटलांनी ते डोळ्यांना लावले. संपलं. एक भाकर भाजण्याइतकाही वेळ लागला नाही.

माझ्या मोबाईलवर रेकॉर्डिंग चालूच होतं. आमच्याकडं सणाला दारात येणाऱ्याला आई सुपातून धान्य घालते. ती ओट्यावर उभी असते, घेणारा खाली असतो. देताना तिनं कधी चप्पल काढलेली, डोकं उघडं केलेलं मी बघितलं नाही. इथं देणारा अनवाणी, बोडका, उताराच्या बाजूला, आणि घेणारा दगडावर बसलेला. पगार असा देत नाहीत. असं फक्त दरबारात देतात.

नाईकबाबाच्या अंगणात

पाड्यावर जेवण तयार होतं. पळसाच्या पानांत थापून गोवऱ्यांवर भाजलेले मक्याचे पानगे आणि उडदाची घट्ट डाळ, माझ्या पुडीतल्या मिठानं केलेली. आमच्या गव्हाच्या रोडग्यांचे हे चुलतभाऊ, पण पानाचा वास रोडग्याला येत नाही. मी तीन खाल्ले. चौथा झुमकीबाईनं न विचारता वाढला, वर म्हणाली, एवढी शिकली अन एवढंसं खाते.

पाटीलही मांडी घालून जेवत होते. जमना त्यांच्याकडं बघून म्हणाली, "दोन वर्सं आमचा कागद अडवला, अन इथं बसून पानगे खाऊन राह्यले."

"कागदाचं कागदाजवळ, पानग्याचं पानग्याजवळ," पाटील शांतपणे म्हणाले आणि डाळ मागितली.

मी नाईकबाबांना विचारलं की हे मीठ सुरू कसं झालं. त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या आजानं त्यांना सांगितलेलं. खाली फौज बसली. तिचा दाणा आणि बैल यायचे उत्तरेकडून, याच घाटानं. फौजेच्या सरदारानं आधी घाट मारून घ्यायचं बघितलं. वरून दगड आले. मग त्यानं पाड्याचं मीठ बंद केलं. डोंगरात सगळं मिळतं, मीठ तेवढं मिळत नाही. पाड्यानं वाट बंद केली. फौजेचे बैल घाटापलीकडं अडकले, पाड्याची डाळ अळणी झाली. शेवटी बोलणं झालं. नाईक म्हणाला, मीठ आणून द्या, डोकं उघडं करून, खालच्या अंगाला उभं राहून. सरदार म्हणाला, मी भिल्लापुढं पागोटं काढत नाही.

"मंग?" मी विचारलं.

"मंग त्यानं पाटलाले धाडलं," नाईकबाबा म्हणाले. "फौजेचं डोकं वाचलं, पाटलाचं उघडं झालं."

पाटलांचा घास हातातच राहिला.

नाईकबाबा पुढं बोलत राहिले. ती फौज गेली, दुसरी आली. तिनंही आधी दगड खाल्ले आणि मग पाटलालाच पाठवलं. तिच्यानंतर तिसरी. "राजे तीन बदलले, मीठ नाही बदललं." एका फौजेला सोनपिंपरी जाळायची होती, तेव्हा नाईकानं निरोप धाडला की गाव जळलं तर वाट बंद. मी म्हणाले, म्हणजे तुम्ही गाव वाचवलं. ते म्हणाले, गावाचं माहीत नाही, मीठ कुठून येणार होतं?

माझ्या डोक्यात प्रबंधाचं ते वाक्य सारखं येत होतं. मी ते सगळ्यांसमोर सांगून टाकलं. मी तुम्हाला राखणदार लिहिलं आहे, न बघता लिहिलं आहे, चुकलं. जमना माझ्याकडं बघतच राहिली. झुमकीबाईनं विचारलं, असं लिहून पास केलं तुले? म्हटलं, पहिल्या वर्गात. त्यावर अंगणभर हसू फुटलं, आणि मलाही हलकं वाटलं.

मग मी पाटलांना विचारून मोबाईल लावला. न विचारता ते मी कुठं वापरणार नव्हते. त्यांनी डोळे मिटून ऐकलं. "घाट तुमचा, वाट आमची." परत लाव म्हणाले. परत लावलं.

"आवाज माहाच हाय," ते म्हणाले.

"शब्दही तुमचेच आहेत, पाटीलबुवा."

"मले वाटे मंतर हाय. बाप म्हने, म्हून मी म्हनो." हातातली पळसाची पुडी त्यांनी उलटीपालटी केली. "दरवर्सी मी सोता सांगून राह्यलो का घाट ह्यायचा हाय, अन तिकडं कागदावर सही करून राह्यलो का ह्यायचा नाही." मग एकदम मान वर करून म्हणाले, "पन मंग माह्या गावाचे ढोरं कुठी जातीन?"

हा प्रश्न ते कुणाला हरवायला विचारत नव्हते. जमना तोंड उघडणार तेवढ्यात नाईकबाबांनी हात वर केला.

"अर्धंच काऊन ऐकतं पाटील? वाट आमची, हे बी तूच म्हनतं ना. ढोरं वाटेनं येतीन, नाल्यापर्यंत चरतीन. आजपर्यंत कोनी हाकललं काय?"

पाटलांनी मान हलवली, पण हो म्हणाले नाहीत. गावाला विचारावं लागेल, एवढंच म्हणाले आणि उन्हं कलायच्या आत घाट उतरून गेले. जमना म्हणाली, गेला तो. आता नाही येत.

तालुक्याची खोली

सुनावणीच्या आधीचे दिवस मी पाड्यावरच काढले. समितीच्या पोरांबरोबर घाटातले जुने झरे, म्हाताऱ्यांच्या समाध्या, गुरं बसायच्या जागा हिंडून लिहून काढल्या. एका नाल्यात माझी चप्पल तुटली आणि दीड दिवस मी झुमकीबाईच्या, दोन बोटं मोठ्या चपला घालून फिरले. वनहक्काच्या नियमांत एक गोष्ट आहे, ती मी जमनाला वाचून दाखवली. दावा करणाऱ्यांच्या बाहेरच्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब पुरावा म्हणून धरतात. बाहेरचा वडीलधारा म्हणजे आमच्याकडं एकच होता, आणि त्याची सही विरुद्ध बाजूच्या कागदावर होती.

सुनावणीच्या दिवशी सोनपिंपरीची गाडी आली. त्यात पाटील नव्हते. अकरा वाजले, साडेअकरा वाजले. आमचं नाव पुकारलं. आत टेबलामागं साहेब होते, समजूतदार वाटले, पण त्यांचा प्रश्न सरळ होता. कागदावर काय आहे? जमनानं नकाशा दिला, झऱ्यांची यादी दिली. साहेब म्हणाले, हे तुमचंच म्हणणं झालं, हरकतीचं काय?

तेवढ्यात दारात शालिग्राम पाटील. सोबत गावचे सात-आठ जण, सगळे घामाघूम. टेम्पो पंक्चर झाला होता. रात्री गावात बैठक झाली होती, भांडण झालं होतं, हे सोबतच्यांच्या चेहऱ्यांवरूनच कळत होतं.

पाटील म्हणाले, "सायेब, त्या हरकतीवरची सही माही हाय. ते मांगं घेतो. आता मी सांगतो ते लिहा."

लिहिलं मी, साहेबांच्या परवानगीनं. पाटलांनी मिठाचं सगळं सांगितलं. डोक्यावरचं गाठोडं, काढलेली टोपी, दगड, आणि दरवर्षी तोंडानं म्हणायचं ते वाक्य. साहेबांनी विचारलं, हे किती वर्षांपासून चालत आलंय? पाटील म्हणाले, "माह्या आज्याले त्याच्या आज्यानं सांगतलं. आता तुमीच मोजा." साहेबांना हसू आलं. त्यांनी विचारलं की यात तुमच्या गावाचं नुकसान नाही का? पाटलांनी जमनाकडं बघितलं. जमनानं दुसरा कागद पुढं सरकवला. पाड्याच्या ग्रामसभेचा ठराव होता. घाटाच्या वाटेनं नाल्यापर्यंत सोनपिंपरीची गुरं येतील, चरतील. तो तिनं आदल्या दिवशी करून घेतला होता, पाटील येतील की नाही हे माहीत नसताना. मलाही सांगितलं नव्हतं.

जबाब मी मोठ्यानं वाचून दाखवला. पाटील म्हणाले, अजून एकदा. दुसऱ्यांदा वाचल्यावर त्यांनी सही केली. बाहेर आल्यावर झुमकीबाई त्यांना म्हणाली, आज तं टोपी घालूनच खरं बोलले. ते म्हणाले, अव, गडबडीत काढायची राहून गेली.

मी परतीची गाडी धरली. नांदुऱ्याला भजीवाल्यानं ओळखलं. मी त्याला "मले चार दे" म्हणाले, त्यानं पाच दिली. घरी येऊन प्रबंधाचं ते प्रकरण नव्यानं लिहिलं. सपाटीवर ज्याचा अंमल त्याला घाटातल्या नाईकाशी बोलणं करावंच लागे, आणि नाईक कुणाचाही नोकर नव्हता, हे पाटलांच्या जबाबासकट. कॉलेजच्या ग्रंथालयात जुनी प्रत काढून नवी ठेवली.

पुढं कागद तालुक्याहून जिल्ह्याला गेले, मधे दोन चकरा झाल्या. पावसाळा संपता संपता निकाल लागला. चिंचखोरीच्या ग्रामसभेला घाटातल्या जंगलाचा सामूहिक हक्क मंजूर झाला, आणि त्याच हक्कपत्रात सोनपिंपरीच्या गुरांची वाट लिहिलेली आहे.